आठ सेकंद मागे

कारखान्यात तिला सगळे कानबाई म्हणत. तोंडावर सहसा कुणी म्हणत नसे, पण तिचे कान असे तिखट की पाठीमागे म्हटलेलं तिला तोंडावर म्हटल्यासारखंच ऐकू यायचं. तिला त्याचा राग नव्हता. हाताने काम करणाऱ्याला लोक हातगुणाचा म्हणतात, मग कानाने काम करणारीला कानबाई म्हटलं तर काय बिघडलं?

कारखाना गाण्यांच्या तबकड्यांचा होता. काळ्या गोळ्याचा लगदा साच्यात दाबायचा, गरम तबकडी बाहेर काढायची, कडा कापायच्या, पाकिटात घालायची. पण हजारो तबकड्या दाबण्याआधी पहिल्या पाच नमुना म्हणून काढत आणि त्यातली एक कानबाईच्या खोलीत जाई. खोलीच्या भिंतींना जाड गादी ठोकलेली, दाराला आतून कडी, मधोमध एक यंत्र आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. तिने ऐकायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. पहिली बाजू, तिसरं गाणं, टिचकी. दुसरी बाजू, सुरुवातीलाच खरखर. तिने ‘पास’ लिहिल्याशिवाय पुढची एकही तबकडी निघत नसे.

तिने आयुष्यात एकही गाणं गाणं म्हणून ऐकलं नाही. आपण पाहुण्याकडे बघतो तशी ती गाण्याकडे बघत नसे. नाक्यावरचा शिपाई अनोळखी गाडीकडे बघतो तशी बघायची. कुठे काय लपवलंय? हा सूर डुलला तो गाणाऱ्याचा की भोक मधोमध पडलं नाही म्हणून? संशय घेणं हेच तिचं काम होतं, आणि ते ती सकाळी देवाचं नाव घेऊन सुरू करायची.

ती या खोलीत आली तीही अशीच. नवरा दाबयंत्रावर होता. लग्नाला चार वर्षं झाली आणि तो तापाने गेला. मालकांनी तिला पॅकिंगच्या हॉलमध्ये जागा दिली. तिथे तिची नणंद आधीपासून होती. नणंद वयाने मोठी, लग्न न केलेली, बोलायला फटकळ. दोघी एकाच घरात, दोन खोल्यांत राहत. ही तिला वन्सं म्हणे, ती हिला वहिनी. एक दिवस नमुने ऐकणारे म्हातारे दार उघडं टाकून तबकडी वाजवत होते आणि ही हॉलमधून पाकिटं घेऊन चालली होती. दारात थांबली आणि म्हणाली, “भोक चुकलंय.” म्हाताऱ्यांनी मोजलं. केसाएवढं चुकलं होतं. दोन वर्षांनी म्हातारे घरी बसले तेव्हा खुर्ची तिला मिळाली.

त्याच वर्षी झिपऱ्यांचा पहिला अल्बम आला.

झिपरे हे नाव तिनेच ठेवलेलं. चौघं होते. एक गाणारा, दोन गिटारवाले, एक ड्रमवाला. पाकिटावर चौघांचे केस खांद्याखाली आणि चेहरे असे की जणू घरून हाकलून दिलंय. त्यांची भाषा तिला येत नव्हती. गाणारा ओरडत होता हे कळायचं, कशासाठी ते कळायचं नाही. तिने अडतीस मिनिटं ऐकलं, एक टिचकी पकडली, पास केलं आणि कान धुवावेत तसे हातांनी चोळले. पाकिटावर पिवळी खुर्ची होती म्हणून हॉलमधल्या बायका त्या अल्बमला ‘खुर्ची’ म्हणायच्या. “आज खुर्चीचे किती गठ्ठे?” वगैरे. खुर्ची खूप खपली. दाबयंत्रं दुप्पट वेळ चालली.

तीन वर्षांनी ‘बोगदा’ आला. त्यात ड्रमवाला शहाणा झाला होता, असं तिचं मत. गाणाऱ्याचा आवाज मात्र डाव्या बाजूला झुकलेला. तिने लिहून पाठवलं, वरून उत्तर आलं, तसाच हवा आहे. इथेच तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. तसाच हवा म्हणजे काय?

मग अडीच वर्षांनी ‘काळा’. पाकीट पूर्ण काळं, त्यावर काही म्हणजे काही नाही. हॉलमधल्या बायकांनी त्याला शिव्या घातल्या, कारण प्रत्येक बोट उमटायचं आणि पुसून पुसून हात दुखायचे. आतली गत त्याहून वाईट. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात बावीस सेकंद नुसती घरघर. तिने नापास केलं. नवा साचा केला, पुन्हा घरघर. पुन्हा नापास. तीन दिवस दाबयंत्रं बंद. शेवटी झिपऱ्यांचं पत्र आलं. ती घरघर आम्ही मुद्दाम घातली आहे, त्यासाठी स्टुडिओत दोन दिवस बसलो, बाईंना नमस्कार सांगा.

मॅनेजरसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं आणि हसले. ती हसली नाही. घरी येऊन वन्संना म्हणाली, “चूक सगळ्यांच्या हातून होते. पण जो ती मुद्दाम करतो, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

“तुला कोणी सांगितलंय त्यांच्यावर विश्वास ठेवायला?” वन्सं म्हणाल्या. “सोयरीक जुळवायचीय का?”

काळ्याच्या थोडं आधी आणखी एक गोष्ट झाली होती, ती सांगायला हवी. हॉलमध्ये बायका सकाळी येत त्या घरची भांडणं डोक्यात घेऊन. कानबाईने साहेबांना विनंती केली की माझ्या खोलीतल्या यंत्राची एक वायर हॉलच्या भोंग्याला जोडा, रोज काम सुरू होताना प्रार्थनेची तबकडी लावीन, पाच मिनिटांत मनं ताळ्यावर येतील. साहेब देवभोळे नव्हते, पण मनं ताळ्यावर येणं त्यांनाही हवं होतं. वायरमनने वायर ओढली आणि यंत्रावर एक खुंटी बसवली. खुंटी उजवीकडे फिरवली की आवाज हॉलमध्येही जाई, डावीकडे फिरवली की फक्त खोलीत. रोज सकाळी ती उजवीकडे फिरवायची, हात जोडायची, प्रार्थना संपली की डावीकडे. एकदाही विसरली नाही. ती विसरणारी बाई नव्हतीच.

चौथ्या अल्बमला झिपऱ्यांनी चार वर्षं लावली. भांडले, एक गिटारवाला सोडून गेला, परत आला, असं बायका सांगायच्या. नमुना आला तेव्हा कानबाई आधीच तयारीत होती. हे लोक मुद्दाम चुका करतात, मग खरी चूक ओळखायची कशी? चौथ्या गाण्यात गाणारा एकदम हळू होतो, तिथे एक ‘टक्’ झालं. तिने सुई उचलली, आठ सेकंद मागे टेकवली, पुन्हा ऐकलं. टक्. चिठ्ठी लिहावी की नको? शेवटी ठरवलं की ही ड्रमवाल्याची काडी आपटली असणार, आणि पास केलं.

त्या वेळी खोलीत वन्सं होत्या. दुपारी त्या दोघींचा डबा घेऊन येत. त्या दिवशी पाय सुजले म्हणून अर्धा तास तिथेच बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन.

“खाली ठेवा ना ती,” कानबाई म्हणाली होती.

“राहू दे,” वन्सं म्हणाल्या आणि पिशवी आणखी घट्ट धरली.

अल्बम बाजारात यायला तीन आठवडे होते आणि एका सकाळी झिपऱ्यांचे अल्बम काढणाऱ्या कंपनीचा चष्मेवाला माणूस साहेबांच्या खोलीत येऊन बसला. कानबाईला बोलावलं. टेबलावर एक कॅसेट होती, हलक्या कागदात गुंडाळलेली, वर पेनने लिहिलेलं.

“नाक्यानाक्यावर मिळतेय,” चष्मेवाला म्हणाला. “ऐका.”

ऐकायची गरज नव्हती, चौथा अल्बमच होता. आवाज साफ, आणि त्याच्या तळाशी तिच्याच यंत्राची बारीक गुणगुण. आईला लेकराचा खोकला कळतो तशी तिला ती कळली. चौथं गाणं आलं. गाणारा हळू झाला. टक्. आणि मग चर्र असा आवाज होऊन गाणं आठ सेकंद मागे गेलं.

तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“हात कुणाचा हा?” साहेबांनी विचारलं.

“माझा,” ती म्हणाली.

“म्हणजे तुम्ही ऐकत असताना कुणीतरी भरून घेतलंय,” चष्मेवाला म्हणाला. “दार आतून बंद असतं म्हणता. मग एक तर तुम्ही, नाही तर तुमच्यासोबत खोलीत कोणी.”

साहेबांनी तिला पंधरा वर्षं पाहिलं होतं. ते म्हणाले, “बाई, शुक्रवारपर्यंत नाव सांगा. नाव मिळालं तर तो माणूस जाईल. नाही मिळालं तर तुम्हाला ठेवता येणार नाही. माझ्या हातात काही उरणार नाही.”

नाव तिच्या ओठावर होतं. तिने ते गिळलं आणि बाहेर आली.

त्या रात्रीपासून घरात ती खोलीत बसावी तशी बसू लागली. वन्संनी कपाट उघडलं की कान तिकडे. वन्सं उगाच का खाकरल्या? पिशवी धुवून दोरीवर वाळत का घातली, मंगळवारी कधी धुतात का? कपाटाच्या खालच्या कप्प्याला कुलूप कशाला? पिशवीत दडवलेल्या टेपरेकॉर्डरवर इतका साफ आवाज कसा येईल, कापडाआडून तो दबला असता, असं तिचा कान तिला सांगत होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिने कानाचं ऐकलं नाही. मनाने एकदा नाव धरलं की कानाला कोण विचारतो?

बुधवारी दुपारी वन्सं डबा घेऊन दारात आल्या.

“मला भूक नाही,” ती दाराच्या फटीतून म्हणाली.

“कालही नव्हती.”

“नाहीच आहे.”

“दार तरी उघड. की आता माझ्यासाठीही चिठ्ठी लागते, पास-नापासची?”

तिने दार उघडलं नाही. बाहेर वायरमन शिडी घेऊन चालला होता, तो म्हणाला, “काय बाई, कानबाईच्या आता डोळेबाई झालात की काय? सगळ्यांकडे टक लावून बघता.” तिने त्याच्याकडेही टक लावून बघितलं.

गुरुवारी तिने सापळा लावला. वन्संकडे खोलीची दुसरी किल्ली असणार आणि वाजती तबकडी सोडून गेलं की त्या ती भरून घ्यायला येणारच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिने चौथ्या अल्बमचा नमुना यंत्रावर लावला, सुई टेकवली, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी ऑफिसात जातेय, अर्धा तास लागेल.” ऑफिसच्या बाजूला दहा पावलं गेली आणि मागच्या वाटेने वळून हॉलच्या खिडकीपाशी, खोक्यांच्या थप्पीमागे उभी राहिली. तिथून खोलीचं दारही दिसे आणि हॉलही. देवा, तिने मनात म्हटलं, ती येऊ नये. आणि लगेच, येऊ दे एकदाची, सुटेन.

दाराकडे कोणी आलं नाही. पण गाणं ऐकू येत होतं.

आधी तिला वाटलं, कान भरलेत, आठवडाभर तेच डोक्यात आहे. मग तिने मान वर केली. हॉलच्या भोंग्यातून झिपऱ्यांचा चौथा अल्बम वाजत होता, हळू पण स्वच्छ. आणि खाली चाळीस बायका तबकड्या पाकिटात घालत होत्या, ड्रमच्या ठेक्यावर. ठेका पडला की चाळीस तबकड्या आत, ठेका पडला की चाळीस पाकिटं बाजूला. एक म्हातारी मान डोलावत होती. वन्सं कडेच्या टेबलाशी बसून ओठांतल्या ओठांत गात होत्या, झिपऱ्यांच्या भाषेतले, अर्थ न कळणारे शब्द, एकही न चुकता. चौथं गाणं आलं, गाणारा हळू झाला, टक् झालं आणि सगळा हॉल एका दमात थांबून आठ सेकंद मागे गेला. पुन्हा तेच आठ सेकंद बायकांनी तोंडाने म्हटले. भोंगा एकटाच पुढे निघून गेला तेव्हा सगळ्या खदखदून हसल्या.

ती थप्पीमागेच खाली बसली.

मग उठून खोलीत गेली. खुंटी डावीकडेच होती, जिथे तिने फिरवली होती. तिने ती चिमटीत धरून हलवली. खुंटी फिरत होती, आतली दांडी जागची हलत नव्हती. खुंटीचा स्क्रू कधीच गळून पडला होता. ती रोज डावीकडे फिरवत होती ती नुसती टोपी होती. आवाज दोन्हीकडे जातच होता. तबकडीवरची टिचकी सेकंदाच्या हिशेबाने पकडणारीने हाताखालची खुंटी कधी तपासली नव्हती.

संध्याकाळी घरी तिने वन्संना विचारलं, “कधीपासून?”

वन्संना काय विचारलं ते लगेच कळलं. “काळ्यापासून. ती बावीस सेकंदांची घरघर तू किती वेळा वाजवलीस! आम्हाला वाटलं भोंगा फुटला.”

“आणि कोणी बोललं नाही मला?”

“बोललो असतो तर तू बंद केलं असतंस. सकाळी पाच मिनिटं देवाचं आणि मग आठ तास कागदाची खसखस, असं होतं आधी. मग तू ऐकशील ते आम्ही ऐकायला लागलो. नवीन अल्बम आला की जगाच्या आधी आम्हाला. कुणाला वाटलं नाही यात काही वाईट आहे.”

“कुणीतरी भरून घेतलं, वन्सं. भोंग्याच्या मागे दोन वायरी सोललेल्या आहेत, मी आज शिडी लावून पाहिलं. कुणी?”

“ते मला माहीत नाही,” वन्सं म्हणाल्या. “माहीत असतं तरी सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही.” आणि मग त्यांनी वहिनीकडे नीट पाहिलं. “तीन दिवस डबा परत येतोय. दार उघडत नाहीस. तुला वाटलं, मी?”

कानबाईला खोटं बोलता येत नव्हतं. तिची नजर खालच्या कप्प्याच्या कुलपावर गेली, आणि ते वन्संनी पाहिलं.

वन्सं उठल्या, खालच्या कप्प्याचं कुलूप काढलं आणि आतलं सगळं फरशीवर ओतलं. खुर्ची, बोगदा, काळा, आणखी कितीतरी. कडा फाटलेली, रंग घसरलेली, टाकून दिलेली पाकिटं. टाकाऊ असली तरी बाहेर न्यायची परवानगी नव्हती. “त्या दिवशी पिशवीत ही होती. फळीवर अंथरते, डब्यांखाली घालते. लिही चिठ्ठी, नापास म्हणून.” आणि दिवा न मालवता त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत चष्मेवाला आधीच बसला होता. कानबाईने सुटलेली खुंटी टेबलावर ठेवली.

“नाव हे,” ती म्हणाली. “माझं. खुंटी माझी होती, मी तपासली नाही.”

“हॉलमध्ये चाळीस बायका आहेत,” चष्मेवाला म्हणाला. “कुणीतरी वायर जोडली ना? तुमचा कान एवढा, तुम्ही सांगू शकता. कोण कोणाशी काय बोलतं ते तुम्हाला भिंतीआडून कळतं म्हणतात.”

“कळतं. पण एकीवर संशय घेऊन पाहिला मी या आठवड्यात. पुरला मला.”

“म्हणजे तुम्ही सांगणार नाही.”

“मला माहीत नाही. आणि अंदाज मी आता कुणाला देणार नाही.”

तिला काढलं नाही, पण खुर्ची गेली. चष्मेवाल्याचा एक माणूस खोलीत बसू लागला, कानांवर डबी लावून ऐकणारा. भोंग्याची वायर कापली. कंपनी मात्र हा कारखाना सोडून कुठे गेली नाही, कारण चौथा अल्बम आधीच्या तिन्हींहून जास्त खपला. उलट ती कॅसेट ऐकलेले लोक दुकानात भांडू लागले की ह्यात ते आठ सेकंद मागे जाणं नाही, ही तबकडी खोटी आहे. झिपऱ्यांना ते कळलं तेव्हा ते म्हणे खूप हसले आणि कार्यक्रमात तसंच वाजवू लागले. कानबाईला हे कोणीतरी सांगितलं. ती म्हणाली, “वाजवू देत. मी केली ती चूक मुद्दाम नव्हती.”

तिला हॉलमध्ये टेबल मिळालं, वन्संच्या शेजारचं. आणि तिथे तिला कळलं की संशय दुसऱ्या टोकाने कसा लागतो. ती बसली की बायकांचं बोलणं तुटायचं. ती पाणी प्यायला उठली की मागे कुजबुज, परत आली की कागदाची खसखस. भिंतीआडून ऐकणारीला हे ऐकू न येऊन कसं चालेल? “साहेबांनी पाठवलीय. कान म्हणून बसवलीय आपल्यात.” “खोली गेली म्हणे! अशी कशी जाईल? नाव काढायला आलीय.” कुणी तिला सरळ काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

वन्संही बोलत नव्हत्या. घरी कामापुरतं, इथे तेवढंही नाही. डबा मात्र दोघींचा आणत, मधे ठेवत आणि दुसरीकडे बघून जेवत. महिना गेला. तिने कुणाला काही समजावलं नाही. देवाला म्हणायची, मी तीन दिवस दार बंद ठेवलं, त्याचे तीस दिवस झाले असतील तर ते ठीकच आहे.

मग एका दुपारी समोरच्या टेबलावरची ठेंगणी काहीतरी सांगायला लागली, सांगता सांगता तिची नजर कानबाईवर गेली आणि ती थांबली. तिने वन्संकडे पाहिलं. “अक्का, हिच्यासमोर बोलू का?”

हॉलमधले हात थांबले. वन्संच्या हातात एक तबकडी होती. त्यांनी ती सावकाश पाकिटात सरकवली, पाकीट थप्पीवर ठेवलं, थप्पी सरळ केली. कानबाईने मान वर केली नाही. आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलं जाणार हे तिला माहीत नव्हतं, आणि काहीही लिहिलं तरी तिला मान्य होतं.

“बोल,” वन्सं म्हणाल्या. “हिला माझा संशय आला होता, माझा! तो राग माझा आहे, मी बघून घेईन. पण साहेबांनी विचारलं तेव्हा हिने तुमच्यातल्या एकीकडेही बोट दाखवलं नाही. बोल तू.”

ठेंगणी जरा गोंधळली. इतक्या तयारीने सांगावं असं ते काही नव्हतंच. “नाही, म्हणजे,” ती म्हणाली, “आमच्या सासूबाईंची कवळी हरवलीय. चार दिवस झाले. आणि त्यांना पक्का संशय आहे की ती मी घातलीय.”

हॉलभर हसू पसरलं. कानबाईने पुढचं पाकीट उचललं आणि खाली बघूनच विचारलं, “मग? बसली का?”

“कोण?”

“कवळी. तुला.”

यावर वन्संना हसू आलं ते त्यांनी दाबलं, आणि दाबलेलं ते हसू सबंध हॉलमध्ये एकट्या कानबाईलाच ऐकू आलं.